राग रास्त, पत्ता चुकीचा



वीज गेल्यावर कॉल सेंटरमधल्या मुली पोपटपंची करतात, असे म्हणणारे एका वाचकाचे पत्र वाचले. संताप रास्त आहे. पण तो निघाला भलत्याच माणसावर. मी बदलापूरहून ऐरोलीला हेच काम करायला जाते. पडद्यावर दिसणारे वाक्य आम्हाला जसेच्या तसे म्हणावे लागते. कॉल रेकॉर्ड होतो, ठरलेला शब्द गाळला की गुण कापतात. शिवी ऐकली तरी पुढच्या ग्राहकाला 'नमस्कार' त्याच आवाजात म्हणायचा.

उल्हासनगर, अंबरनाथच्याही अनेक जणी ठाण्याला गाडी बदलून या कामाला, रात्रपाळीलाही, जातात. २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवणे मालकावर बंधनकारक आहे. आमच्या कंपनीची गाडी मात्र स्टेशनबाहेरच सोडते.

वाचकांना विनंती, तक्रार क्रमांक लिहून घ्या. काम झाले नाही तर लेखी तक्रार करा. महावितरणच्या कल्याण परिमंडळात ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, तिथे दाद मागा. फोन उचलणारीच्या हाती तक्रार पुढे पाठवण्यापलीकडे काही नसते. तिच्याशी निदान माणुसकीने बोला.

— एक ग्राहक सेवा प्रतिनिधी, बदलापूर (पूर्व)