गळ्यात पडण्याआधी...

मंडळी, तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी पिशवीतून नुसती बाहेर काढली तरी घरातला एक मेंबर पलंगाखाली गायब होतो? माझ्याकडे होती. रंग निळा, दोन बक्कल, छातीवर जाळीदार पट्टा, किंमत साडेनऊशे रुपये. फ्रीलान्सरसाठी साडेनऊशे म्हणजे काय, ते मानधनाची वाट बघणाऱ्यालाच विचारा! आणि ज्याच्यासाठी हा खर्च केला तो गुळ्या पलंगाखाली, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसलेला.

गुळ्या म्हणजे माझा कुत्रा. अस्सल देशी. रंग सेम टू सेम गुळाच्या ढेपेचा, वजन १४ किलो, एका कानाला खाच. (रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी झाली की कानाला अशी खाच देतात. ती त्याची पावती.) भटक्या कुत्र्यांना घरं शोधून देणारी एक ओळखीची ताई आहे. २०२४ च्या मे महिन्यात तिने 'फक्त आठवडाभर सांभाळ गं' म्हणून त्याला माझ्याकडे सोडलं. तो आठवडा काही संपला नाही.

जुलैपर्यंत आमचं मस्त चाललं होतं. साधा कॉलर, साधी दोरी, सकाळ-संध्याकाळ एक फेरी. मग सुरू झाला ढोल-ताशा पथकांचा सीझन. पुणेकरांना सांगायला नको, गणपतीच्या आधी कितीतरी दिवस संध्याकाळी नदीपात्रात सराव रंगतो. मला स्वतःला तो आवाज सॉल्लिड आवडतो. कॉलेजात दोन वर्षं मीही ताशा बडवलाय. त्या संध्याकाळी डोकं अजिबात न वापरता मी गुळ्याला घेऊन डेक्कनच्या बाजूने नदीपात्राकडे वळले. पहिला ठोका पडला आणि तो मागे मागे सरकायला लागला. मी त्याला पुढे ओढलं. बऱ्याच देशी कुत्र्यांचं डोकं निमुळतं असतं, मानेपेक्षा फार रुंद नसतं. एका झटक्यात कॉलर कानांवरून निघाला. माझ्या हातात दोरी, दोरीला रिकामा कॉलर आणि कुत्रा भर ट्रॅफिकमध्ये.

एक रिक्षा कचकन थांबली. रिक्षावाल्या काकांनी मला जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही, पण त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता. पाऊण तासाने गुळ्या एका चहाच्या हातगाडीखाली सापडला. थरथरत.

दुसऱ्याच दिवशी मी हार्नेस आणला. हार्नेस गळ्याऐवजी छातीभोवती बसतो. ओढ बसली तरी गळा आवळत नाही आणि नीट मापाचा असेल तर मागे सरकून सहजासहजी निसटताही येत नाही. थिअरी एकदम झक्कास. फक्त ती गुळ्याला मान्य नव्हती.

मिशन हार्नेस उर्फ माझी दादागिरी

आमची पद्धत सिंपल होती. फ्लॅटमेटने त्याला मागून धरायचं, मी हार्नेस डोक्यावरून घालायचा, खटाखट बक्कल लावायचे. दीड मिनिटात काम फत्ते. 'होईल सवय,' असं सगळेच म्हणत होते. सोसायटीतले एक काका तर म्हणाले, "एकदा कळू दे त्याला बॉस कोण आहे ते!" हार्नेस चढला की गुळ्या पुतळ्यासारखा उभा राहायचा. मी म्हणायचे, बघा, झाला की नाही शांत? आता कळतं, तो शांत झाला नव्हता. भीतीने गोठला होता.

खरं तर त्याआधी तो खूप काही सांगत होता. हार्नेस दिसला की ओठ चाटायचा, जांभई द्यायचा, तोंड फिरवायचा, कान मागे घ्यायचा. तुरीद रुगोस नावाच्या नॉर्वेच्या एका ट्रेनर बाईंनी कुत्र्यांच्या याच खाणाखुणांवर पुस्तक लिहिलंय. खाणं समोर नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, म्हणजे कुत्रा सांगत असतो, 'मला टेन्शन आलंय, जरा सबुरीने घे.' मला वाटायचं, पठ्ठ्याची झोप झाली नसेल.

दहाव्या दिवशी तो गुरगुरला. मी जोरात ओरडले, "गप!" तो गप बसला. बाराव्या दिवशी गुरगुरला नाही, थेट दात लावले. मनगटावर वळ उठले. कातडं फुटलं नव्हतं, तरी साबणाने हात धुऊन डॉक्टरांना दाखवून आले. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात लख्ख उजाडली. गुरगुर म्हणजे कुकरची शिट्टी. मी शिट्टी दाबून ठेवली होती, आतली वाफ तशीच होती.

दातांचं इतकं काही नाही. त्यानंतर जे झालं ते जास्त लागलं. रात्री लॅपटॉपवर काम करताना गुळ्या माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपायचा. ते बंद झालं. मी उठून उभी राहिले तरी तो दाराकडे सरकायचा. मी हात पुढे केला की मान खाली घालायचा. तो आता हार्नेसला नाही, मला घाबरायला लागला होता.

रात्री दीड वाजता मी ताईला मेसेज टाइप केला. 'जमत नाहीये गं. दुसरं घर बघतेस का?' पाठवला मात्र नाही. तसाच पडून राहिला.

डॉक्टर, पावलोव्ह आणि आई

सकाळी आधी प्राण्यांचे डॉक्टर गाठले. त्यांनी मान, खांदे, पाठ सगळं दाबून पाहिलं, कारण दुखणं असलं तरी कुत्री अंगाला हात लावू देत नाहीत. दुखणं नव्हतं. पण पुढच्या दोन्ही पायांच्या बगलेत कातडी लाल झालेली होती. पट्टा थेट बगलेत घासत होता. म्हणजे साहेबांची तक्रार शंभर टक्के खरी होती आणि मी त्यांना नाटकी म्हणत होते. निळं प्रकरण गेलं माळ्यावर. नवीन घेताना या वेळी टेप घेऊन छाती मोजली. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा, म्हणजे खांदे मोकळे राहतील असा. पट्टा बगलेपासून दोन-तीन बोटं मागे आणि पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकतील इतका सैल.

दुसरा धडा पावलोव्ह साहेबांचा. शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलंय, घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. इव्हान पावलोव्हना १९०४ चं नोबेल खरं तर पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं, पण जगाने लक्षात ठेवली ती लाळ. त्यातला फंडा असा की क्रम महत्त्वाचा. आधी खूण, मग खाऊ. मी बरोब्बर उलटं करत होते. चिकनचा तुकडा दाखवून गुळ्याला जवळ बोलवायचे आणि तो खात असताना हार्नेस चढवायचे. परिणाम? चिकन दिसलं तरी तो संशयाने बघायला लागला. आधी हार्नेस दिसायला हवा आणि मग चिकन यायला हवं. म्हणजे हार्नेस हीच चांगली बातमी.

तिसरा धडा आईचा. साताऱ्याहून फोन आला तेव्हा मी सगळं रडगाणं गायले. ती आधी हसली. "अगं, तो कुत्रा आहे की जावई? किती मनधरणी!" मग म्हणाली, "पण तू तरी कुठे वेगळी होतीस? गळाबंद स्वेटर आणला की घर डोक्यावर घ्यायचीस. तुझ्या बाबांनी एकदा जबरदस्तीने घातला, तर आठ दिवस त्यांच्याकडे गेली नाहीस."

"मग काय केलंस?"

"काय करणार! स्वेटर हातात धरून भोकातून तुझ्याकडे बघायचे आणि 'बुवा कुक्' करायचे. चौथ्या दिवशी तूच डोकं घातलंस."

गुळ्याचा सिलॅबस

पहिला नियम म्हणजे अभ्यास संपेपर्यंत जबरदस्ती बंद. पण बाहेर तर जावंच लागतं. म्हणून ओढ बसली की थोडासाच आवळणारा आणि त्यामुळे डोक्यावरून न निसटणारा एक वेगळा कॉलर आणला. पहाटे साडेपाच आणि रात्री अकरा, फक्त सोसायटीच्या आवारात. बाकी वेळ घरातच दोरीची खेचाखेची आणि जुन्या टॉवेलमध्ये खाऊ लपवण्याचे खेळ.

१. नुसती ओळख. हार्नेस जमिनीवर ठेवायचा, गुळ्याने बघितला की उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा. हार्नेस उचलला की चिकन बंद. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. पाच दिवस एवढंच.

२. बुवा कुक्. हार्नेसचं गळ्याचं भोक मोठं करून समोर धरायचं आणि पलीकडून चिकन द्यायचं. आपण त्याच्याकडे सरकायचं नाही, त्याने यायचं. पहिल्या दिवशी नाक, तिसऱ्या दिवशी डोळ्यांपर्यंत, आठव्या दिवशी आख्खं डोकं. मध्येच काढून घेतलं तर काढू द्यायचं. (काही कुत्र्यांना डोक्यावरून काहीही नकोच असतं. त्यांच्यासाठी गळ्याशी उघडणारे हार्नेस मिळतात.)

३. खट्! गुळ्याला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती बक्कलच्या आवाजाची. म्हणून बक्कल मोज्यात गुंडाळून खोलीच्या दुसऱ्या टोकाला 'खट्' आणि लगेच चिकन. मग हळूहळू जवळ, मग मोज्याशिवाय, आणि शेवटी त्याच्या अंगावर.

४. घाल आणि काढ. घातला, बक्कल लावले, चिकन दिलं, लगेच काढला. काढतानाही घाई नाही. मग एक मिनिट, मग जेवण होईपर्यंत. दिवसभर अंगावर ठेवून 'होईल सवय' म्हणायचं नाही, कातडीची वाट लागते.

५. दार, जिना, गेट. दोरी जोडून आधी घरातल्या घरात. मग दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत. एकेका दिवशी एकेक टप्पा.

सोपं वाटतं ना? नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मला एका इंटरव्ह्यूला पळायचं होतं, मी घाईत बक्कल लावला आणि त्याचे केस त्यात चिमटले. आम्ही थेट नंबर एकवर. हार्नेस जमिनीवर, गुळ्या पाच फुटांवर. त्या दिवशी स्वतःचाच भयंकर राग आला. पण गंमत अशी की दुसऱ्यांदा सगळं चढायला चारच दिवस लागले.

आणि एक सांगू? त्या दीड महिन्यात मला पहिल्यांदा कळलं की मी दिवसभर किती घाईत असते. गुळ्याला माझी डेडलाइन दाखवून उपयोग नव्हता. त्याने तोंड फिरवलं की थांबायचं, एवढा एकच नियम होता. कुणी 'नको' म्हटल्यावर खरोखर थांबणं हे मला ऑफिसच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

लक्ष्मीपूजन

१ नोव्हेंबर २०२४. फटाके सुरू व्हायच्या आत फेरी उरकावी म्हणून आम्ही दुपारी चारलाच बाहेर पडलो. गेटपासून वीस पावलांवर कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. गुळ्या जागच्या जागी उडाला आणि मागे मागे सरकायला लागला. तेच पाय, तीच पाठ, तीच खाली घातलेली मान, डिट्टो नदीपात्रातल्या संध्याकाळसारखी. माझ्या पोटात गोळा आला. पण या वेळी मी ओढलं नाही. त्याच्यामागोमाग दोन पावलं गेले, दोरी सैल ठेवली आणि खाली बसले. हार्नेस जागचा हलला नाही. गुळ्याने माझ्याकडे बघितलं आणि सरळ येऊन माझ्या गुडघ्यांमध्ये डोकं खुपसलं. आम्ही तसेच उलट पावली घरी आलो.

हल्ली हार्नेस दाराजवळच्या खिळ्याला लटकलेला असतो. मी तो हातात धरते, गुळ्या येतो आणि स्वतःच डोकं घालतो. रोज नाही. एखाद्या दिवशी ओठ चाटून तोंड फिरवतो. मग मी हार्नेस परत खिळ्याला लावते, चहा टाकते आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारते.

त्या रात्री, बाहेर फटाके वाजत असताना आणि माझ्या पायावर एक हनुवटी टेकलेली असताना, मी तो जुना मेसेज खोडून टाकला आणि ताईला गुळ्याचा हार्नेसमधला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आठवडा झाला का गं?"

म्हटलं, अजून नाही.