हरवलेल्यांची चटक

दिवाळी अंकात रहस्यकथा असू नये असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडाच्या बोटाला धरून आमच्या आधीची एक अख्खी पिढी वाचायला शिकली. माळव्यातल्या कितीतरी घरांत शाळेची भाषा हिंदी झाल्यावरही मराठी अक्षर टिकले ते अशाच पुस्तकांच्या आधाराने, हे ऋण मी मान्य करतो. झुंजारच्या गोष्टीत जो मरतो तो कागदावर मरतो. त्याची आई कुठल्या गल्लीत राहत नसते. माझे भांडण आहे ते खऱ्या माणसांच्या बेपत्ता होण्याची आणि खऱ्या खुनांची जी चटक आज घरोघर लागली आहे तिच्याशी.

चटक हाच शब्द योग्य. एके काळी 'मनोहर कहानियाँ' आणि 'सत्यकथा' स्टेशनच्या स्टॉलवरून घेऊन उशीखाली लपवावी लागत. निदान काहीतरी लपवण्यासारखे आहे एवढी जाणीव तरी होती. आता सासू, सून आणि आठवीतला नातू एकाच सोफ्यावर बसून 'सत्य घटनेवर आधारित' मालिका पाहतात आणि मधल्या जाहिरातीत 'मला वाटतं दिरानेच मारलं असणार' अशी चर्चा रंगते. रात्री उशीजवळ मोबाइल ठेवून कुणाच्या तरी लेकीच्या मृत्यूची हकीकत ऐकत झोपी जाणारे सुशिक्षित लोक माझ्या ओळखीचे आहेत. झोप छान लागते म्हणतात.

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. लंडनमध्ये १८८८ साली गरीब वस्तीतल्या बायका मारणाऱ्या 'जॅक द रिपर'च्या नावावर आजही पर्यटन चालते, हे खरे. पण आपण मराठी माणसे या धंद्यात त्यांच्या शंभर वर्षे पुढे आहोत, आणि त्याचा एक धागा थेट आमच्या धारच्या किल्ल्यापर्यंत येतो.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, १७७५ च्या जानेवारीत, खंडेराव पवारांच्या आश्रयाला आलेल्या आनंदीबाईंनी धारच्या किल्ल्यात मुलाला जन्म दिला. तोच दुसरा बाजीराव. नवरा लढाईच्या धामधुमीत दूर, पुणेकरांचे सैन्य पाठीवर आणि पदरात तान्हे मूल, अशा अवस्थेतल्या त्या बाईविषयी आपल्याला काय ठाऊक असते? दोन अक्षरे. 'ध'चा 'मा'. 'धरावे'चे 'मारावे' केले म्हणे तिने. ज्या चिठ्ठीत ही करामत झाली ती मूळ चिठ्ठी आजवर कोणी पुढे ठेवलेली नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. पण चौकशीत चव नसते. चव असते ती खाडाखोड करणाऱ्या बाईच्या बोटांत. म्हणून अडीचशे वर्षे खुनाचे खापर तिच्या माथी आहे, आणि सुमेरसिंग गारद्याचे नाव विचारले तर दहांतल्या आठांना आठवत नाही. नारायणरावांना वाचवायला आडवा पडून चाफाजी टिळेकर नावाचा सेवक मेला. वाड्यातल्या दासीही मारल्या गेल्या. त्यांची नावे कोण विचारतो? किल्ला दाखवायला मी मुले घेऊन जातो तेव्हा त्यांना खरबूजा महालाच्या बांधणीत रस नसतो. 'सर, वो चिट्ठी वाली यहीं रहती थी क्या?' हा प्रश्न मात्र दर वर्षी येतो. मुले ती, त्यांना आपणच हे खाद्य दिले.

हरवलेल्या माणसांचेही तेच. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण पडले यावर पुण्याचा विश्वास बसेना. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही. त्यांचे मी समजू शकतो. ते दुःख आहे, आणि दुःखाला पुरावा मागू नये. परंतु सुखनिधान नावाचा एक कनोजी माणूस 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे जी हजारोंची झुंड धावली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, ती काय पार्वतीबाईंच्या कळवळ्याने? लोकांना तोतया हवाच होता. १७७६ साली त्याला देहदंड झाला तेव्हा कुठे ते बंड शमले, आणि तरी 'खरा भाऊच मारला' असे म्हणणारे उरलेच.

धारला जन्मलेल्या त्या बाजीरावाचे दत्तकपुत्र नानासाहेब. सत्तावन्नच्या उठावानंतर नानासाहेब नेपाळच्या तराईत शिरले आणि १८५९ नंतर त्यांचा ठाव लागला नाही. इंग्रजांनी डोक्यावर एक लाखाचे इनाम लावले होते. मग काय, जिकडेतिकडे नानासाहेब दिसू लागले. १८७४ साली ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी एक माणूस नानासाहेब म्हणून इंग्रजांच्या स्वाधीन केला. चौकशीत तो नाना नव्हे असे ठरले. अशा संशयावरून कितीतरी गोसावी-बैरागी पकडले गेले. आपण 'नानासाहेबांचे गूढ' म्हणून चवीने लेख वाचतो. ज्या बैराग्यांच्या पायात बेड्या पडल्या त्यांच्या दृष्टीने त्यात गूढ काहीच नव्हते.

(जाता जाता देवासविषयी. थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार १९३० नंतरच्या वर्षांत फ्रेंचांच्या पाँडिचेरीला गेले ते परतले नाहीत. १९३७ साली तिथेच वारले. त्यांचे एकेकाळचे खाजगी चिटणीस फॉर्स्टर यांनी 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध केले. आमच्याकडे अजूनही कोणी ना कोणी डोळे मिचकावत 'त्यात काहीतरी होतं बरं का' असे सांगतो. संस्थान कर्जात बुडालेले होते आणि इंग्रज सरकारचा तगादा होता. एवढे कारण पुरेसे नाही काय?)

इंदूरची कथा तर साऱ्या हिंदुस्थानने चघळली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. बरोबर होती मुमताज बेगम, इंदूर दरबारातून निसटून आलेली. तिच्या तोंडावर वार झाले. योगायोगाने मोटारीतून जाणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून तिला वाचवले. पुढे खटला, फाशी, आणि चौकशीला तोंड देण्यापेक्षा गादी सोडलेली बरी म्हणून फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीराव होळकरांचा पदत्याग. खटल्याच्या वर्षीच 'कुलीन कांता' हा मूकपट या विषयावर निघालासुद्धा! चेहऱ्यावरचे व्रण ताजे असताना लोक तिकीट काढून ते पाहायला बसले. त्या मुलीचे म्हणणे काय होते? मला तिथे राहायचे नव्हते. माझी तान्ही मुलगी तिथे मारली गेली. त्या तान्ह्या मुलीचे काय झाले यावर मूकपट निघाला नाही.

आता शंभर वर्षांनंतर पुन्हा इंदूर. मे २०२५ मध्ये इथले एक नवविवाहित जोडपे मेघालयात फिरायला गेले आणि बेपत्ता झाले. नावे मी लिहीत नाही. तुम्हाला ती पाठ आहेत, आणि माझी तक्रार तीच आहे. काही दिवसांनी दरीत नवऱ्याचे प्रेत सापडले. बायकोचा पत्ता नव्हता तोवर आमच्याकडच्या ओट्याओट्यावर एकच न्यायनिवाडा चालू होता: तिकडचे लोकच तसले. खासी माणूस ज्यांनी जन्मात पाहिला नाही त्यांनी साऱ्या मेघालयाला लुटारू आणि बायका पळवणारे ठरवून टाकले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती तरुणी उत्तर प्रदेशात सापडली, आणि पोलिसांनी तिच्यावरच कटाचा आरोप ठेवला. वाटले होते, आता तरी लोक जीभ चावतील. छे! एका रात्रीत दोषी बदलला, आवाज तोच राहिला. काल मेघालय वाईट होते, आज साऱ्या मुली वाईट झाल्या. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाला 'हनिमूनला जरा जपून' म्हणून टाळ्या घेणारे काका मी स्वतः पाहिले. उन्हाळी सुटी संपून शाळा भरली तेव्हा दहावीतली पोरे वर्गातल्या मुलींना तेच विनोद ऐकवत होती. त्यावर चित्रपटही जाहीर झाला. आरोप सिद्ध करणे हे न्यायालयाचे काम. आमच्या शिक्षक कक्षात निकाल कधीच लागला होता.

माझे एक सहकारी यावर म्हणतात, 'सर, लोकांच्या उत्सुकतेनेच तर पोलीस हलतात.' त्यांचे अगदीच चूक नाही. दिल्लीच्या जेसिका लाल प्रकरणात २००६ च्या फेब्रुवारीत आरोपी सुटले, लोक रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरवले. परंतु तिथे कोणी रहस्य शोधत नव्हते. गोळी कोणी झाडली हे ठाऊक असूनही तो सुटला, यावर लोक चिडले होते. ती चीड होती. आणि दुसरे असे की, आपली उत्सुकता कोणाच्या वाट्याला येते हे आधीच ठरलेले असते. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ पासून पुढे कोवळ्या मुली आणि बायका मारल्या गेल्या, बहुतेक कष्टकरी घरांतल्या. २०२४ साली त्यावर मराठी मालिका आली. तपास करणारे रमाकांत कुलकर्णी आता सर्वांना ठाऊक आहेत. मुलींची नावे कोणी सांगून दाखवावीत.

२०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने संसदेत काही आकडे ठेवले. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशात १३ लाखांहून अधिक स्त्रिया आणि मुली बेपत्ता झाल्याची नोंद आहे. सर्वांत वर कोणते राज्य? आपले. मध्य प्रदेशात १ लाख ६० हजार १८० स्त्रिया आणि १८ वर्षांखालच्या ३८ हजार २३४ मुली. त्याखालोखाल महाराष्ट्र: १ लाख ७८ हजार ४०० स्त्रिया, १३ हजार ३३ मुली. म्हणजे नातीगोती दोन राज्यांत विभागलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी इकडे बघावे की तिकडे, सारखेच. यांतल्या पुष्कळ जणी परत येतात, हे मान्य. तरीही एकट्या मध्य प्रदेशात दिवसाला सुमारे १८० नोंदी होतात. यातल्या किती जणींविषयी आपण ओट्यावर बसून तर्क लढवले? गरिबाची मुलगी हरवली की त्यात 'रहस्य' नसते. 'पळाली असेल' या दोन शब्दांत तपास पुरा होतो.

इंदूरच्या त्या प्रकरणाने गाव पेटले होते त्याच दिवसांत आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी हाटाच्या दिवशी घरून गेली ती आली नाही. बाप पीथमपूरला एका कारखान्यात माल चढवतो. तो दोनदा ठाण्यात जाऊन आला. 'दो-चार दिन देख लो, आ जाएगी', एवढेच उत्तर. तिसऱ्या खेपेला मी दाखल-खारिज रजिस्टर काखेत मारून त्याच्याबरोबर गेलो. तिची जन्मतारीख दाखवली. चौदा पुरी होऊन दोन महिने झाले होते. अठराच्या आतले मूल हरवले तर अपहरण समजूनच गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश आहे, तोही सांगितला. अर्ध्या तासाने कागद हलला. टेबलामागच्या इसमाच्या मोबाइलवर तेव्हा मेघालयच्या दरीची चित्रफीत चालू होती, हे मी पदरचे सांगत नाही. आमच्याही शिक्षक कक्षात दुपारच्या चहाला सात जण होते. दरीत उतरायचे रस्ते सर्वांना तोंडपाठ. आपल्या वर्गातला कोणता बाक रिकामा आहे ते सांगता आले दोघींनाच. शिवण शिकवणाऱ्या बाई आणि पाणी भरणाऱ्या मावशी. हाटात ती कोणाबरोबर दिसली होती, कोणत्या गाडीने मजूर गुजरातकडे गेले, हे त्या दोघींनीच आठवून आठवून सांगितले आणि मी ते ठाण्यात लिहून दिले.

मुलगी सप्टेंबरात सापडली, गुजरातेत एका वीटभट्टीवर. बापाने आणि दोन पोलिसांनी तिला आणले. त्या आठवड्यात त्यांच्या घरी जितके लोक जाऊन आले तितके ती नसताना चार महिन्यांत गेले नव्हते. काय झाले, कोणी नेले, कसे नेले, तिथे काय काय... आमच्या परिचयातल्या एका सुशिक्षित बाई तर 'तिचं मन मोकळं व्हावं म्हणून' गेल्या होत्या. मुलीच्या आईने दाराची कडी लावून घेतली आणि आतूनच सांगितले की ती शाळेत जाणार आहे, तिला अभ्यास आहे. सोमवारी मुलगी आली. तिचे नाव पुन्हा पटावर घेतले. पुनर्प्रवेशाचे कारण असा एक रकाना रजिस्टरात असतो. त्यात मी 'प्रदीर्घ गैरहजेरी' एवढेच लिहिले आणि शिवणाच्या बाईंना तिला पहिल्या बाकावर बसवायला सांगितले.