पानठेल्याच्या बाजूने

नागपूर बोलतं फार, अशी शहाण्यासुरत्यांची जुनी तक्रार आहे. पानठेल्यावर खर्रा घोटून हातात पडेस्तोवर इथला माणूस चार विषयांचा निकाल लावून मोकळा होतो. पोह्यांवर तर्री किती असावी, असली सावजी रस्सा कुठे मिळतो, सिमेंटच्या रस्त्यांनी शहर तापलं की नाही, हिवाळी अधिवेशनातून विदर्भाच्या पदरात काय पडलं. "तुले काय समजते बे त्यातलं?" असं कोणी मध्येच विचारलं, तर वाद थांबायच्या ऐवजी आणखी रंगतो.

तक्रारीची कलमं तीन. विषय क्षुल्लक असतात, बोलणाऱ्याला अधिकार नसतो आणि एवढं बोलून निष्पन्न काही होत नाही. माझं म्हणणं असं की, रोजच्या जगण्याबद्दल मत देण्याचा पहिला हक्क ते जगणाऱ्याचा आहे आणि तो त्याने चारचौघांत, मोठ्याने बजावावा. या हक्काला काही अटी आहेत, त्या शेवटी सांगतो. आधी तिन्ही कलमं तपासू.

विषयाच्या क्षुल्लकपणापासून सुरुवात करू. चहा पिणं ही गोष्ट क्षुल्लक म्हणायची की नाही? १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली, त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. टिळक आणि रानडे त्या मंडळींत होते. गोपाळराव जोशांनी ही बातमी वर्तमानपत्रातून फोडली आणि त्या चहावरून ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. कपातल्या त्या चहावर महाराष्ट्राने त्या काळात धर्म, जात आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचा हिशेब मांडला. त्याच सुमारास, १८८८ मध्ये सुरू झालेल्या 'सुधारका'त आगरकर बायकांनी जाकीट घालावं की नाही यावर लेख लिहीत होते. अंगात काय घालावं, डोक्यावरचे केस ठेवावेत की काढावेत, कोणाच्या हातचं खावं: हे विषय त्या काळच्या पोक्त लोकांना थिल्लरच वाटत होते.

आणि पाणी? तळ्यातलं ओंजळभर पाणी कोणी प्यावं, ही तर रोजची बाब. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव १९२४ साली करून टाकला होता. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा त्या रोजच्या बाबीचा खरा अर्थ देशाला दिसला, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडावं लागलं. ज्या नागपुरात दीक्षाभूमी आहे, त्या शहराला तरी 'खाण्यापिण्याच्या गोष्टींवर काय वाद घालायचा' हे वाक्य शोभत नाही. कुठला विषय क्षुल्लक हे ठरवण्याचं काम आजवर बहुधा त्यांनीच केलं, ज्यांना तो विषय टोचत नव्हता.

दुसरं कलम अधिकाराचं. हे जास्त गंभीर आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. शहरात विधानभवनाजवळ झिरो माइलचा खांब उभा आहे, सोबत दगडी घोडे आहेत. हा भारताचा मध्यबिंदू, असं नागपूरकर पाहुण्याला छाती पुढे काढून सांगतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातली ही खूण, दगडावरचं साल १९०७. आजच्या भारताचा भौगोलिक मध्य मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यात, करौंदी गावाजवळ मानला जातो. इथे पानठेल्याचं मत शंभर टक्के चुकलेलं आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तितक्याच आत्मविश्वासाने चुकत आलेलं आहे. तेव्हा आक्षेपकांना ही फेरी मी देऊन टाकतो. जिथे मोजपट्टी लागते तिथे मताला जागा नाही.

पण सगळंच मोजपट्टीचं नसतं. वादाचे विषय नीट निवडले तर त्यांचे तीन ढीग पडतात: तथ्याचे, चवीचे आणि अनुभवाचे. आक्षेपक पहिल्या ढिगातली चूक दाखवतात आणि उरलेले दोन्ही ढीग जप्त करतात.

चवीचं घ्या. मृग बहाराचं संत्रं गोड की आंबिया बहाराचं, यावर इथे घराघरांत दोन तट आहेत. त्यात अमरावतीकर येऊन सांगतो की नागपुरी म्हणून जे तुम्ही विकता ते आमच्या वरूड-मोर्शीच्या बागांतलं. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, शहरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. संस्था साखर आणि आम्लाचं प्रमाण बिनचूक काढून देईल. पण कुठली फोड जिभेवर ठेवल्यावर डोळे मिटावेत, हे कोणती संस्था सांगणार? पोह्यांवरच्या हरभऱ्याच्या तर्रीचंही तेच. पुण्याचा माणूस नाक मुरडतो, इथला माणूस तर्री दुसऱ्यांदा मागतो. दोघंही बरोबर आहेत, आणि म्हणूनच हा वाद जन्मभर घालता येतो. असा वाद घालताना हरायची भीती नसते, म्हणून त्यात माणूस दुसऱ्याचं ऐकायलाही शिकतो. हा फायदा थोडा नाही.

तिसरा ढीग अनुभवाचा, आणि खरा झगडा याच्यावर आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. पाणी ओसरल्यावर त्या भागातले रहिवासी चौकाचौकांत एकच गोष्ट बोलू लागले: तलावाचं पाणी जिथून सांडतं त्या वाटेतच पुतळा उभा केलाय, पाणी जाईल कुठून? यांतले किती जण जलविज्ञान शिकलेले होते? पण पाणी कुठल्या बाजूने आलं, किती वेगाने चढलं, पूर्वी कुठे अडत नव्हतं आणि आता कुठे अडलं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ती बडबड विरून गेली नाही. तिची याचिका झाली आणि ती मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेली. मग अधिकाऱ्यांना उत्तरं द्यावी लागली, अभियंत्यांना कागद काढावे लागले. कारण काय आणि दोष कोणाचा हे तज्ज्ञ आणि न्यायालय ठरवतील. ते त्यांचं काम. पण साक्ष द्यायचं काम रहिवाशांचं होतं, आणि साक्षीदाराला कोणी पदवी विचारत नाही.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदलं गेल्याची बातमी झळकली. शहराचा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा. हवामान खात्याने नंतर सांगितलं की संवेदक बिघडला होता. आकड्यालाही उलटतपासणी लागते, ती अशी. यंत्र चुकलं ते दुसऱ्या नोंदींनी पकडलं, तसं मत चुकलं तर ते दुसऱ्या मतांनी पकडावं. त्यासाठी मतं उघड्यावर यायला हवीत. गप्प बसलेल्या माणसाची चूक सुधारत नाही, ती मुरते.

तिसरं कलम: निष्पन्न काय? आक्षेपक इथे विदर्भाकडे बोट दाखवतात. १९५३ चा नागपूर करार झाला. १९५५ मध्ये फजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. १९५६ मध्ये राजधानी गेली आणि १९६० पासून हिवाळी अधिवेशन आलं. इतकी दशकं बोललात, हाती काय लागलं? वेगळं राज्य लागलं नाही, हे मान्य. पण मला उलट विचारायचं आहे: कोणी बोललंच नसतं तर? सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येऊन बसावं हे करारातलं वचन आहे, याची आठवण दर डिसेंबरला कोण करून देतं? अधिवेशनाचे दिवस कोण मोजतं, यंदा किती कापले हे कोण बोलतं? करारपत्र दप्तरात असतं. त्याची वसुली लोकांच्या तोंडी असते. राज्य मागणारे आणि संयुक्त महाराष्ट्र मानणारे दोघंही त्याच ठेल्यावर उभे असतात, आणि वचनाच्या हिशेबापुरतं दोघांचं जमतं. हे निष्पन्नच आहे, फक्त ते एका तारखेला होत नाही.

आता मंडन. मतं उघड्यावर मांडण्याची रीत कशी असावी हे शिकायला नागपूरकराला बाहेर जावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इथे मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं मानतात, म्हणजे टिळकांच्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्याही आधीपासून. इडापिडा, रोगराई घेऊन जा अशी आरोळी देत महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून हजारो माणसं चालतात. मारबतींसोबत असतात बडगे. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, रस्त्यावरच्या खड्ड्यांचा बडगा: त्या वर्षी शहराला जे जे खुपलं त्याचा पुतळा. तो बांधणारे ना अर्थतज्ज्ञ असतात ना पत्रकार. मोहल्ल्यातली पोरं असतात. पण ती मत देतात ते भर रस्त्यात, आपल्या मोहल्ल्याच्या नावानिशी, ज्यांना पटत नाही त्यांच्याही दारावरून. आणि दिवस मावळेपर्यंत तो बडगा जाळून टाकतात. पुढच्या वर्षी नवा विषय, नवा बडगा. मताला धनी आहे, श्रोता आहे आणि मुदत आहे. याहून चांगली शिस्त मला ठाऊक नाही.

मारबतीत एक खोटही आहे, तीही सांगायला हवी. काही जण काळीला पूतना मानतात, पण पुष्कळांच्या सांगण्यात ती भोसल्यांची बाकाबाई, इंग्रजांना सामील झालेली. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये डलहौसीने खालसा केलं, १८५७ मध्ये बाकाबाईने आपल्या माणसांना इंग्रजांच्या बाजूने ठेवलं, हा इतिहास. पण राज्य गमावलेल्या घराण्यातल्या एका म्हाताऱ्या विधवेपुढे तेव्हा कोणते मार्ग उरले होते, याचा विचार न करता तिच्यावर दरसाल शिक्षा बजावली जाते, आणि तिच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो. महागाईचा बडगा जाळताना कोणावर अन्याय होत नाही. माणसाचा जाळताना होऊ शकतो. पानठेल्याचा खरा धोका इथे आहे: विषयावरून घसरून माणसावर येण्याचा, आणि त्या माणसाला न ऐकता निकाल देण्याचा.

म्हणून माझ्या अटी अशा. आकड्याची गोष्ट असेल तर आधी आकडा बघा, आणि तो चुकला तर तिथल्या तिथे मत सोडा. चवीची असेल तर खुशाल भांडा, जिंकायचा हट्ट तेवढा सोडा. भोगलेली असेल तर गप्प बसू नका, समोर कितीही मोठा जाणकार असो. आणि कुठल्याही वादात मुद्दा जाळा, माणूस जाळू नका. एवढं पाळलं तर नागपूरने खुशाल बोलावं, आत्ता बोलतंय त्याहून जास्त बोलावं. ज्या शहरात रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल फक्त खड्डा बुजवणाराच बोलतो, त्या शहरात खड्डा बुजत नाही.