आमवाताच्या मोजमापात झोपेला स्थान कधी?

आमवात म्हटला की सुजलेले सांधे आणि सकाळचा आखडलेपणा डोळ्यांसमोर येतो. या आजारात रात्रीची झोपही हिरावली जाते, याकडे मात्र सहसा दुर्लक्षच होते.

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस अर्थात आमवात हा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच सांध्यांवर हल्ला चढविल्याने जडणारा विकार. प्रौढांपैकी सुमारे अर्धा ते एक टक्का लोकांना तो होतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट आहे. झोपेचा दर्जा तपासण्यासाठी पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी १९८९ मध्ये तयार केलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत २१ पैकी पाचपेक्षा अधिक गुण म्हणजे झोप असमाधानकारक. विविध देशांतील अनेक पाहण्यांत आमवाताचे निम्म्याहून अधिक रुग्ण या मर्यादेपलीकडे आढळले आहेत.

वेदनेमुळे झोपमोड होते, हे उघड आहे. परंतु अपुरी झोपही वेदना वाढविते. लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना एका रात्री अर्धवटच झोपू देण्यात आले. त्यानंतर त्यांच्या वेदना तर वाढल्याच, शिवाय दुखऱ्या सांध्यांची संख्याही वाढली. म्हणजेच वेदना आणि निद्रानाश यांचे हे दुष्टचक्र आहे.

तरीही आजाराची तीव्रता ठरविणाऱ्या ‘डीएएस-२८’ या प्रचलित निर्देशांकात २८ सांधे, रक्तातील दाहाची चाचणी आणि प्रकृतीविषयी रुग्णाचे मत एवढ्याच बाबी मोजल्या जातात. झोपेचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. युरोपात रुग्णांच्या सहभागातून तयार झालेल्या ‘रेड’ निर्देशांकात मात्र सात घटकांमध्ये झोपेला स्थान मिळाले. रुग्णांना काय महत्त्वाचे वाटते, याचे हे द्योतक मानावे लागेल. ‘युलार’ या युरोपीय संघटनेनेही २०१८ च्या शिफारशींत वेदनेवरील उपचारांत झोपेचा विचार अंतर्भूत केला.

झोपेची गोळी हा यावरील सरसकट उपाय नव्हे. झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णांना काही गोळ्या अपायकारक ठरू शकतात. अमेरिकेतील फिजिशियन्सच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर प्रथम वर्तनोपचारांचीच शिफारस केली होती. त्याआधी गरज आहे ती ‘झोप कशी लागते?’ हा प्रश्न प्रत्येक तपासणीत विचारण्याची. त्यासाठी ना यंत्र लागते, ना खर्च येतो.