‘बीड पॅटर्न’चा हिशेब आणि स्वयंचलित चाचण्या

पीक विम्याच्या ‘बीड पॅटर्न’चा गाभा दोन आकड्यांत आहे. २०२० च्या खरिपात भारतीय कृषी विमा कंपनीमार्फत तो बीड जिल्ह्यात राबवला गेला. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली, तर वरचा बोजा राज्य सरकारचा. ८० टक्क्यांखाली राहिली, तर कंपनीने हप्त्याचे २० टक्के ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करायची. एवढ्या हिशेबाच्या वेब ॲप्लिकेशनला स्वयंचलित चाचण्या कशाला, एकदा हाताने आकडे टाकून पाहिले की झाले, असा आक्षेप असतो.

तो टिकत नाही. हाताने तपासणारा सोपा आकडा निवडतो. हप्ता १०० कोटी, भरपाई ५० कोटी: कंपनीला २०, राज्याला ३०. जमले! पण कोडमध्ये ८० ची अट लिहायचीच राहून गेली असेल, तरी हेच उत्तर येते. भरपाई ८५ कोटी धरली की बिंग फुटते: उरतात १५ आणि कंपनीच्या नावे लागतात २०. नेमका ८० चा आकडाही फसवा, कारण तिथे दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते. म्हणून ७९, ८१, ११० आणि १११ यांच्या चाचण्या लिहून ठेवाव्या लागतात. कोड हंगामागणिक बदलत असताना त्या दर वेळी हाताने कोण करणार?

पडदा बदलला की चाचण्या मोडतात, हा दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे. सेलेनियमसारखी साधने २००४ पासून ब्राउझर चालवतात आणि बटण हलले तरी चाचणी पडते. पण दोष चाचणीच्या जागेचा आहे. हिशेब पडद्याखालीच, थेट तपासावा. ब्राउझरमधून अर्ज ते पावती एवढी वाट पुरे.

चाचण्या उत्तीर्ण म्हणजे कोड निर्दोष नव्हे, हे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने १९६९ मध्येच बजावले होते. शेतात पीक खरोखर उभे आहे का, हे चाचणी सांगणार नाही. ते काम पाहणीचे. अपेक्षित उत्तरही शासन निर्णयावरून काढावे. कोडने दिलेलेच उत्तर चाचणीत उतरवले, तर चुकीलाच प्रमाणपत्र मिळते. चूक सापडली की आधी ती पकडणारी, पडणारी चाचणी लिहावी, मग कोड सुधारावा. प्रत्येक बदलापूर्वी सगळ्या चाचण्या आपोआप चालाव्यात आणि एक जरी पडली, तरी तो बदल अडवला जावा.