गरिबाच्या रोगाचे गुपित

गेल्या वर्षी एका सरकारी रुग्णालयात आप्ताच्या उशाशी बसण्याचा प्रसंग आला. शेजारच्या खाटेवर एक बांधकाम मजूर होता. पाळी बदलताना एका परिचारिकेने दुसरीला त्याची माहिती खाटेपाशीच, मोठ्याने सांगितली. रोग होता क्षयाचा. भेटीस आलेल्या मुकादमाने ते ऐकले आणि तो काही न बोलता निघून गेला. रात्री तो मजूर मला विचारीत होता, "साहेब, आता मला कामावर घेतील का?"

त्या परिचारिकेला दोष देणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. चाळीस खाटांच्या त्या वॉर्डात दोनच परिचारिका होत्या. खाटांमध्ये पडदे नव्हते, रुग्णाशी चार शब्द एकान्तात बोलावेत अशी जागा नव्हती. रुग्णाचे गुपित राखणे हा परिचर्येचा जुना धर्म आहे. १८९३ साली अमेरिकेत रचल्या गेलेल्या आणि आपल्याकडेही परिचर्येच्या विद्यार्थिनी घेत आलेल्या नाइटिंगेल प्रतिज्ञेत तो स्पष्ट नमूद आहे. परंतु धर्म पाळण्याची साधने शासनाने द्यायची नाहीत आणि तो मोडल्याचा ठपका मात्र परिचारिकेवर ठेवायचा, हा दांभिकपणा होय.

कायद्यांची उणीव नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने, काही अपवाद वगळता, संमतीवाचून रुग्णाची बाधा उघड करण्यास मनाई केली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव अनधिकृत व्यक्तीस सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु कायद्याने पडदा टांगला जात नाही की रिक्त जागा भरल्या जात नाहीत.

बाजारात खासगीपणा विकत मिळतो. स्वतंत्र खोलीचे भाडे भरणाऱ्याचा रोग बंद दाराआड राहतो. श्रमिकाचा मात्र चारचौघांत पुकारला जातो. वास्तविक गुपिताची अधिक गरज त्यालाच आहे, कारण ते फुटले की त्याची रोजी जाते, भाड्याची खोली जाते, मुलीचे लग्न मोडते. या भीतीपोटी तो उपचारच टाळतो आणि रोग वस्तीत पसरतो. म्हणजे एकाचे गुपित राखणे हे साऱ्या समाजाच्या आरोग्याचे रक्षण आहे.

म्हणून परिचारिकांची पुरेशी व कायम स्वरूपाची भरती, प्रत्येक खाटेस पडदा, केसपेपर कुलपात ठेवण्याची सोय आणि बोलण्यासाठी एक बंद खोली, या मागण्या आरोग्याच्या लढ्यात अग्रभागी आल्या पाहिजेत. परिचारिकांच्या संघटनांनी वेतनाच्या प्रश्नाबरोबरच हा प्रश्न हाती घेतला, तर रुग्ण त्यांच्या पाठीशी उभे राहतील.

आणि कार्यकर्त्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. रुग्णाला मदत मिळवून दिल्यावर खाटेपाशी उभे राहून जी छायाचित्रे आपण काढतो, त्यांना त्या रुग्णाची संमती असते काय? उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार हा होकार नव्हे.