सापांचे पुस्तक पारखून घ्या

बांधवहो, बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला आपण नागाला हात जोडतो आणि ऊसतोड लागली की पाचटात दिसेल तो साप ठेचतो. काठी आधी, ओळख नंतर! मेलेली असते बहुधा धामण. म्हणजे फुकटात उंदीर मारणारा गडी आपणच संपवतो. शेतकीची पदवी घेताना आम्ही किडी आणि तणे ओळखायला शिकलो, साप मात्र कोणी शिकवला नाही. म्हणून प्रत्येक शाखेने सापांचे एक पुस्तक घ्यावे, असे आमचे म्हणणे आहे. पण पारखून घ्यावे.

पहिली कसोटी मण्यारीची. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांचे फोटो शेजारी-शेजारी हवेत. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक व शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे नेमके उलट. हा फरक पुस्तकात दिसत नसेल तर ते परत ठेवा.

दुसरी कसोटी नावांची. डुरक्या घोणस नावाने घोणस, पण बिनविषारी. गावोगाव नावे बदलतात, म्हणून मराठी नावासोबत शास्त्रीय नाव हवेच.

तिसरी, रंगीत फोटो मोठ्या सापाचे तसेच पिल्लाचेही हवेत, आणि तो साप कोणत्या भागात सापडतो तेही दिलेले हवे.

चौथी, दंशावर मंत्र, मुळी किंवा ब्लेडने चिरा सांगणारे पुस्तक फुकट मिळाले तरी नको.

मराठीत नीलिमकुमार खैरे यांचे 'साप' आहे. इंग्रजी वाचणारी पोरे असतील तर व्हिटेकर व अशोक कॅप्टन यांचे २००४ सालचे 'स्नेक्स ऑफ इंडिया' पाहावे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. पुस्तक हे दंशाआधी वाचायचे. दंश झाल्यावर पाने उलटत किंवा साप शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच लस दिली जाते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, म्हणजे आपलीच.

तेव्हा येत्या बैठकीत दोन ठराव व्हावेत. शाखेत एक पुस्तक घ्यावे, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात लस शिल्लक आहे का, हे दर महिन्याला जाऊन विचारावे.